कठड्यावरचे चार कोच

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. कपाशीच्या दिवसांत आमच्याकडे बाजारात नुसती एक चक्कर मारून आलं तरी स्वेटरला रुई चिकटते. घरी येऊन झटकायला बसलं की कळतं, अरे, एवढी कधी चिकटली! आमच्या कठड्यावरचे किस्से असेच एका हंगामात साठले. लोक ऐकून हसतात. सांगताना मीही हसतो. पण ते घडत होते तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

कठडा म्हणजे मेहरूणकडच्या आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाला लागून असलेली गुडघाभर भिंत. तिच्यावर रोज संध्याकाळी आम्ही चौघं. मी, नाना, एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात काढून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला, नुसती संध्याकाळ घालवायला येणारा आणि मुळातच भित्रा. गुलाबभाऊ, सावद्याकडचे केळीवाले. त्यांची वैष्णवी टीममध्ये सगळ्यात उंच. लताअक्का, त्यांची नात तेजू टीममध्ये सगळ्यात बुटकी आणि कॅप्टन. आणि आबा, पारोळ्याचे रिटायर पी.टी. मास्तर. आबांचं टीममध्ये कोणीच नाही, म्हणून ते सगळ्यात जास्त बोलतात.

कोच होत्या किरण मॅडम. वय सत्तावीस-अठ्ठावीस, गाव नरडाण्याजवळचं, अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या. यंदा प्रथमच बाद पद्धत सोडून साखळी सामने ठेवले होते, त्यामुळे एकदा हरून घरी बसायची सोय नव्हती. पुन्हा पुन्हा हरावं लागायचं. दिवाळीपर्यंत आमच्या पोरी चारपैकी चार सामने हरल्या!

*

तिसरा सामना आमच्याच कोर्टावर होता, तेव्हाची गोष्ट.

गुलाबभाऊंची एकच आरोळी, "वैष्णवी, हात वर!" वैष्णवी बापाच्या शब्दाबाहेर नाही. ड्रिबल करत असली तरी दोन्ही हात वर करायची. बॉल खालीच राहायचा!

आबांनी जन्मभर कबड्डी शिकवली. ते ओरडायचे, "घेर तिले, घेर! साखळी करा!" की आमच्या तीन पोरी मिळून समोरच्या टीममधल्या एकीला घेरायच्या आणि त्यांच्या उरलेल्या चौघी निवांत बास्केट करायच्या. अक्का ऐन वेळी ओरडायच्या, "तेजू, बुटाची नाडी!" तेजू खाली बघायची. मी ओरडत नाही, माझ्यात तेवढी हिंमत नाही. मी फक्त घड्याळ दाखवून "वेळ, वेळ!" म्हणत राहायचो.

शेवटी रेफरीने शिट्टी मारून खेळ थांबवला. तो आमच्या बेंचकडे आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "एका वेळी एकच कोच बोलेल. तुमच्या टीमचा कोच कोण आहे?"

कठड्यावरून चार हात वर गेले. मॅडमचा हात खालीच होता.

*

चौथा सामना धुळ्याला. तोही हरलो. येताना पारोळ्याला आबांच्या ओळखीच्या हॉटेलात भजी खायला गुलाबभाऊंनी गाडी थांबवली. रागात भजी फार चांगली लागतात. दुसरी प्लेट येईपर्यंत ठरलं, निवेदन द्यायचं!

आपल्याकडे गटार तुंबली काय, बस वेळेवर आली नाही काय, उपाय एकच, निवेदन. मसुदा अर्थातच माझा. रिटायर झाल्यापासून हाताला काम नव्हतं, पेन असं सुटलं की मलाच आवरेना. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..."

एकूण मुद्दे सहा. पहिला गुलाबभाऊंचा, वैष्णवीला बास्केटखाली उभं करावं, उगाच पळवू नये. दुसरा अक्कांचा, सामन्याआधी मुलींच्या पोटात खजूर आणि केळं जावं. तिसरा आबांचा, सकाळी सहाला बॉल न देता आधी नुसतं पळवावं. वैष्णवीला पळवू नये आणि सगळ्यांना पळवावं, हे दोन मुद्दे एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे भज्यांपुढे कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथा माझा, फ्री थ्रोची लेखी नोंद ठेवावी. पाचवा सर्वानुमते, प्रेक्षकांच्या सूचनांची योग्य ती दखल घ्यावी. आणि सहावा, तो कोणी सुचवला हे आता कोणीच कबूल करत नाही : "वरील बाबींत सुधारणा न झाल्यास सदर कोच यांना कार्यमुक्त करण्यात यावे."

अक्षर मात्र माझं आहे. खाली दिनांक, चौघांच्या सह्या, प्रती कोणाकोणाला जाणार, सगळं रीतसर. डोकं भज्यांत होतं आणि हात सवयीने लिहीत गेला.

निवेदन दिलं की फोटो हवाच. मध्ये प्राचार्य, कागदाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसऱ्या टोकाला आम्हा चौघांची बोटं आणि पाचही जण कॅमेऱ्याकडे बघतायत. गुलाबभाऊंनी तो लगेच स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत वैष्णवीने फोन करून काढायला लावला.

"किती जणांनी पाहिला?" मी विचारलं.

"बावीस."

"त्यात मॅडम होत्या का?"

"मले काय माहीत! मी त फक्त आकडा पाह्यला!"

*

दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी मॅडम स्वतः कठड्याकडे चालत आल्या. आम्ही चौघंही उगाच सावरून बसलो.

मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना खेळाची एवढी आवड आहे, तर थोडी मदत कराल का?" अक्कांना त्यांनी सामन्याआधीच्या खजूर-केळ्यांचं काम दिलं. आबांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि सकाळी सहाचं पळणं त्यांच्यावर सोपवलं. गुलाबभाऊंच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि सांगितलं, वैष्णवी बास्केटखाली किती वेळ थांबते ते मोजा. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "नाना, तुमचं अक्षर फार छान आहे म्हणे. फ्री थ्रोची वही तुम्ही ठेवा."

आता मला सांगा, "म्हणे" म्हणजे कोण म्हणे? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कोणीतरी माझ्या अक्षराची स्तुती केली." ती म्हणाली, "मग झोपा ना!"

*

आणि टीम जिंकली! पाठोपाठ दुसरा सामनाही जिंकली! कठड्यावर वाद सुरू झाला, ही सुधारणा कोणामुळे?

"पोरगी माझी, उंची माझी," गुलाबभाऊ म्हणाले. "ती बास्केटखाली खंबासारखी उभी राह्यते, मंग जिंकणार नाही त काय करीन?"

"पोटात काही असल्याशिवाय कोण उभं राहतं?" अक्का म्हणाल्या. "माझ्या खजुरामुळे."

आबांनी शिट्टी पुसत सगळं श्रेय पळण्याला दिलं, "बठ्ठी पळन्याची कमाल शे."

मी वही उघडून फ्री थ्रोचे आकडे वाचून दाखवायला लागलो. कोणी ऐकलं नाही. मॅडमचं नाव मात्र चौघांपैकी एकानेही घेतलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

तेवढ्यात तेजू पाणी प्यायला आली. अक्कांनी तिलाच विचारलं, "तू सांग गं, तुम्ही एकदम चांगल्या कशा काय खेळायला लागलात?"

तेजूने बाटली खाली ठेवली. "आजी, तुम्ही सगळे आता कामात असता ना," ती म्हणाली. "तुमचे आवाज बंद झाले, म्हणून मॅडमचा ऐकू येतो!"

ती पळत कोर्टावर गेली.  मग आबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "नाना, आपला तो कागद कोठे शे?"

*

कागद प्राचार्यांच्या ऑफिसात होता. दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही चौघं आवक-जावक बघणाऱ्या बाईंसमोर उभे.

"निवेदन परत हवंय," मी म्हटलं.

बाईंनी रजिस्टर फिरवलं, नोंदीवर बोट ठेवलं. "आवक झालेला कागद परत जात नाही, नाना. तुम्ही तर ऑफिसातच होतात ना?"

होतो ना! हेच वाक्य मी एकतीस वर्षं लोकांच्या तोंडावर फेकलं होतं. त्या वेळी लोक खिडकीपलीकडे इतके गप्प का उभे राहतात ते मला कळायचं नाही. आज कळलं. एकदा आवक झालेला कागद संपायचा एकच मार्ग, साहेबांनी त्यावर "दप्तरी दाखल" असं लिहिणं. ते दोन शब्द पडले की प्रकरण मिटलं. ते पडत नाहीत तोवर कागद जिवंत असतो, आणि जिवंत कागद कधी कोणाला चावेल त्याचा नेम नाही.

आबा म्हणाले, "आते काय करवं?" माझ्या डोक्यात कल्पना आली. दुसरं निवेदन द्यायचं! "आमचे यापूर्वीचे निवेदन रद्द समजण्यात यावे." तिथेच बसून लिहिलं, चौघांनी सह्या केल्या, आवक करून घेतलं. फार हलकं वाटलं.

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर एक नवीकोरी फाइल, तिला लाल फीत. दोन्ही निवेदनं एकाखाली एक लावलेली. टेबलापलीकडचा कागद उलटा वाचता येणं ही कारकुनाची विद्या आहे, आणि त्या दिवशी ती मला नसती तर बरं झालं असतं. फाइलीवर लिहिलं होतं, "कोचविरुद्ध तक्रार."

"एकाच विषयावर दोन-दोन निवेदनं!" प्राचार्य गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे विषय साधा नाही. दुसरं तर दबावाखाली लिहिल्यासारखं वाटतंय. तुमच्यावर कोणी दबाव आणला का?"

"नाही, नाही साहेब!"

"दबावाखालचा माणूस असंच म्हणतो," प्राचार्य म्हणाले. "काळजी करू नका. करार वाढवायचा की नाही, ते शेवटचा सामना बघून मी स्वतः ठरवेन."

*

त्यानंतर टीम जिंकली की आम्हाला जास्त भीती वाटायला लागली. हरत होती तेव्हा निदान राग तरी होता. आता प्रत्येक सामन्याला वाटायचं, आज घसरली तर? "सुधारणा न झाल्यास" हे शब्द माझेच होते आणि ते मला पाठ होते.

अक्का पहिल्या विजयाची हिरवी साडी बदलायला तयार नाहीत. आबा "जिंकलो" हा शब्द तोंडातून काढू देत नाहीत. गुलाबभाऊ टाइम आउट झाला की स्टॉपवॉच कपाळाला लावायचे.

धुळ्याच्या दुसऱ्या सामन्यात तिथला एक प्रेक्षक आमच्या शेजारी येऊन बसला. चांगला गप्पिष्ट माणूस. म्हणाला, "भाऊ, मानलं तुमच्या पोरींना! दिवाळीआधी आम्ही यांना सहज लोळवलं होतं, आता ओळखू येत नाहीत. कोच बदलला का?"

आम्ही चौघं एकाच सुरात किंचाळलो, "नाही!!"

तो बिचारा उठून पलीकडे जाऊन बसला.

*

थंडी पडली तशी गुलाबभाऊंनी रविवारी दुपारी मळ्यात भरीत पार्टी ठेवली. सगळ्या टीमला आमंत्रण, मॅडमनाही. कपाशीच्या काटक्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वरून कच्चं तेल. पोरी केळीच्या बागेत हुंदडत होत्या. मॅडम आमच्या पंगतीत, नेमक्या माझ्यासमोर.

अक्कांनी आग्रहाने भाकरी वाढत विचारलं, "घरी कोण कोण असतं, मॅडम?"

"वडील नरडाण्याला कारखान्यात आहेत, भाऊ शिकतोय," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांत हे माझं तिसरं कॉलेज. मागच्या ठिकाणी अकरा महिने झाले आणि एक दिवस शिपायाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर म्हणे तक्रार होती. कोणाची, कसली, शेवटपर्यंत कळलं नाही. आता इथूनही तक्रारीवर गेले, तर चौथं कॉलेज मला दारात उभं करणार नाही."

गुलाबभाऊंना ठसका लागला. आबा पाठीवर थापट्या मारायला लागले, त्या जरा जास्तच जोरात बसल्या.

मॅडमनी शांतपणे भरीत संपवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इथली माणसं त्या मानाने चांगली आहेत, नाना. जे काय असेल ते लेखी देतात."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला भरीत जीव की प्राण आहे. त्या दिवशी मी अर्धी भाकरीही खाल्ली नाही, आणि आजवर कोणाला कारण सांगितलं नाही.

परत येताना गाडीत आबा म्हणाले, "तिले माहीत शे."

"तिले काही माहीत नाही!" गुलाबभाऊ ओरडले.

अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माहीत असेल तर ती आपल्याशी इतकी चांगली का वागते?" मला त्या प्रश्नाचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

*

शेवटचा सामना आमच्या कोर्टावर झाला. कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून प्राचार्य बसले होते. मांडीवर ती फाइल.

आम्ही चौघं कठड्यावर एकमेकांना चिकटून. कोणी ओरडलं नाही. गुलाबभाऊंनी तर मफलरचं टोक तोंडात कोंबलं होतं. पोरी जीव तोडून खेळल्या. वैष्णवी बास्केटखालून हलली नाही, तेजू समोरच्यांच्या काखेतून बॉल काढत होती. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. तेजूला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला आत गेला, बरोबरी! दुसरा रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. वैष्णवी उडी मारेपर्यंत बॉल पलीकडे गेला होता आणि तिकडे बास्केट झालं.

हरलो.

माझ्याने वहीत त्या फ्री थ्रोपुढे फुली मारवेना. प्राचार्यांनी बोटाने आम्हाला खूण केली. मॅडमनाही बोलावलं. घामाघूम पोरी पाच पावलांवर उभ्या राहिल्या. मी कधी नव्हे ते आधी बोललो. "साहेब, चूक आमची आहे, मॅडमना—"

प्राचार्यांनी हात दाखवून मला गप्प केलं, फीत सोडली आणि म्हणाले, "मॅडम, या चौघांची तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार आहे. तुम्हाला कल्पना नसेल."

"आहे सर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी क्लिपबोर्डच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला. "मला याची प्रत दिवाळीआधीच मिळाली. खाली लिहिलंच आहे ना, 'प्रत : संबंधित कोच, माहितीस्तव.'"

अक्षर माझंच होतं! तिघांनी माझ्याकडे वळून बघितलं. आबांच्या तोंडून एवढंच आलं, "नाना...!"

मॅडमनी कागद उघडून प्राचार्यांसमोर धरला. पहिल्या पाच मुद्द्यांपुढे लाल पेनाने टिक केलेली, प्रत्येकीशेजारी तारीख. सहाव्यापुढे काही नव्हतं. त्यांनी ते लाल पेन माझ्या हातात दिलं.

"पाच मुद्दे मी पूर्ण केले, नाना," त्या म्हणाल्या. "सहावा माझ्या हातात नाही. तो तुम्हीच टिक करा."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. प्राचार्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आमच्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाले, "खजूर यांचे, पळणं यांचं, वही यांची! मग मला एक सांगा, या टीमचा कोच आहे तरी कोण?"

गुलाबभाऊंनी दोन्ही हात काखेत दाबले. आबांनी पाठीमागे बांधले. अक्कांनी पदरात गुंडाळले. मी पेनासकट हात खिशात घातला.

मॅडमचा हात वर गेला. सरळ, खांद्यापासून वर.

प्राचार्यांनी तो हात पाहिला. मग त्यांनी माझ्यापुढे तळवा केला. मी खिशातून पेन काढून दिलं. ते फाइलीवर वाकले आणि त्यांनी दोन शब्द लिहिले. मी समोर उभा होतो, अक्षरं मला उलटी दिसत होती. मी ती दोनदा वाचली.

दप्तरी दाखल.